सहा लूमची सरासरी

मी चौथी शिकले, पण सरासरी मला येते. नारपोलीत आमच्या घराखालीच सहा लूम आहेत. संध्याकाळी कुठल्या लूमवर किती मीटर कापड निघालं ते लिहून सासऱ्यांना सांगायचं काम माझं. सहांचे मीटर मिळवायचे, सहाने भागायचे. लूम जुना असो की नवा, भागताना सगळे सारखे. पुढे सासरे गेले, माझा मुलगा लूम बघायला लागला, तरी पद्धत तीच राहिली.

गेल्या वर्षी नातीचा कॉलेजचा निकाल लागला. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, आधीच सांगून ठेवलं होतं की जीपीए साडेसहाच्या खाली गेला तर शिक्षण बंद. कोन गावच्या एका घरातून तिला दोनदा मागणी आली होती. वडप्याला त्यांची गोदामं आहेत. माझा मुलगा हे ओरडून बोलला नव्हता. जेवता जेवता, मीठ मागावं तसं बोलला होता. तो ओरडतो तेव्हा मी त्याला भीत नाही.

मोबाइलवर सहा विषयांचे पॉइंट आले. एकूण जीपीए मार्कशीटवर यायचा होता, आठ दिवसांनी. मुलगा समोर चहा पीत होता. मी नातीला म्हटलं, वाच. पाच, पाच, सहा, नऊ, नऊ, आठ. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर मांडलं. बेचाळीस भागिले सहा, सात. मीच मोठ्याने सांगितलं. मुलाने तिथूनच कोनला फोन करून पोरगी अजून शिकणार आहे असं कळवलं, आणि खाली लूमवर गेला.

नात जागची हलली नाही. माझ्या आकड्यांकडे बघत बसली. काय झालं, मी विचारलं.

“आजी, सगळे विषय सारखे नसतात.”

मग तिने समजावलं. पहिले तीन थिअरीचे, त्यांना चार-चार क्रेडिट. म्हणजे तो एकेक विषय चारदा मोजायचा. प्रॅक्टिकलला एकच क्रेडिट, आणि तिचे नऊ-नऊ सगळे प्रॅक्टिकलचे. मी पुन्हा मांडलं. वीस, वीस, चोवीस, मग नऊ, नऊ, आठ. नव्वद झाले. भागायचं सहाने नाही, पंधरा क्रेडिटने. सहा आले.

परत केलं. सहाच.

तेव्हाच का बोलली नाहीस, म्हटलं. बाबा समोर होते, म्हणाली, आणि आठ दिवसांत काहीतरी होईल असं वाटलं. काय होणार होतं? मार्कशीट बापाच्या हातात पडणार आणि पोरीने फसवलं असं त्याच्या डोक्यात बसणार. मग त्याला कोणी थांबवू शकलं नसतं. मी ठरवलं, आपणच सांगायचं. राग माझ्यावर निघू दे, पोरीला पुढची परीक्षा देऊ दे.

दुपारी तो जेवायला वर आला. खाली लूम बंद होते. त्यांची खडखड थांबली की मला घरात बसवत नाही. मी कागद पुढे ठेवून सगळं सांगितलं. हिशेब माझा चुकला, तिचा दोष नाही, पुढच्या परीक्षेपर्यंत थांब. त्याने दोन्ही गणितं नीट वाचली. राग कुठे दिसला नाही.

“आये, चूक कुणाची का असंना. आकडा सहाच हाय ना?”

नात दारात उभी होती. मी हो म्हटलं.

त्याने जेवण संपवलं, हात धुऊन पुसले आणि कोनला फोन लावला. सकाळचं विसरा, म्हणाला. रविवारी या.