पडणाऱ्या पहिलवानाची एक कुस्ती

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा चिखलीहून जिल्ह्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. बाजारभाव आणि सभांचे वृत्तांत हे माझं काम. त्या हंगामात गावाबाहेर फिरत्या टॉकीजचा तंबू लागला आणि मालकाने जाहिरातीसाठी मुंबईहून एक नट आणला.

तो मूळचा इराणचा. तरुणपणी कराचीमार्गे मुंबईत आला, तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्या लढला. पुढे देह पाहून सिनेमावाल्यांनी त्याला उचललं. राक्षस, जल्लाद, राजवाड्याचा पहारेकरी अशी त्याची कामं. प्रत्येक सिनेमात शेवटी नायक त्याला आपटत असे. चिखलीत तो दिवसभर उघड्या जीपमध्ये खुर्चीवर बसे आणि वर कर्णा ओरडत असे. येण्यापूर्वी त्याने मालकाला एकच अट घातली होती: गावच्या कुस्त्यांच्या दंगलीत एक खरी कुस्ती. इतकी वर्षं लोकांनी आपल्याला फक्त पडताना पाहिलंय, पहिलवान आहे म्हटलं तर हसतात, असं त्याने मला सांगितलं.

पंचही हसले. नटाचं हाडबिड मोडलं तर निस्तरायचं कोणी, असा त्यांचा प्रश्न होता. पण जोड ठरवण्याआधी पहिलवान तपासून घ्यायची रीत होती. पंचांतल्या सर्वांत म्हाताऱ्याने ती पाळली. त्याने मान दाबून पाहिली, मग केस सारून कान चिमटीत धरला. कान वर्षानुवर्षं कुस्तीत घासून चुरगळलेला आणि दगडासारखा घट्ट होता. पडद्यावर तो नेहमी केसांच्या टोपाखाली झाकलेला असे.

"कान तं पहिलवानाचाच हाय," म्हातारा म्हणाला. जोड लागली.

समोर सुलतानपूरचा गडी होता, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. त्याने तंबूत लागलेला या नटाचा सिनेमा लागोपाठ पाच वेळा पाहिला होता आणि नायक शेवटी नटाला ज्या डावाने आपटतो तो डाव बसवला होता. त्याच्या वस्तादाने हा नाद सोड म्हणून बजावलं होतं. गड्याने ते मनावर घेतलं नाही.

"पडाचं कवा ते सांग बे, आमाले चहा प्याले जायचं हाय," गर्दीतून कोणी म्हणालं. लोक हसले. नटही हसला.

सलामी झाली. गड्याने अगदी नायकासारखं मनगट धरलं, वळून खांदा दिला आणि जोर लावला. काही झालं नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मी आखाड्याच्या कडेलाच वही घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"उडा ना हो," गडी धापा टाकत म्हणाला. "काऊन उभे राह्यले?"

"वो तो मैं खुद कूदता था, बेटा."

एवढं बोलून त्याने गड्याला कमरेत धरून उचललं आणि मातीवर उताणं ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

टाळ्या पडल्या, पण एका बाजूने कुस्ती ठरवून केल्याची कुजबुजही सुरू झाली. नटाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तेवढ्यात हरलेल्या गड्याचा वस्ताद आखाड्यात उतरला. हा माणूस नटाच्या छातीइतकाच उंच. त्याने मूठभर माती घेतली आणि नटाच्या खांद्याला चोळली.

"पहिलवान, उद्यापासून आठ दिवस आमच्या आखाड्यात या. आमच्या पोरायले शिकवा."

कुजबुज तिथेच थांबली. टॉकीजच्या मालकाने जाहिरातीचं काय म्हणून बरीच कटकट केली. दुसऱ्या दिवसापासून जीप रिकाम्या खुर्चीनिशी फिरली.

मी त्या आठवड्यात एसटीने सुलतानपूरला गेलो. नट लंगोट लावून फावड्याने आखाड्याची माती मोकळी करत होता, घामाने निथळत होता आणि मजेत होता. मुंबईला कधी परतणार, असं मी विचारलं. त्याने हनुवटीने वस्तादाकडे खूण केली.

"उस्ताद से पूछो. छुट्टी देंगे तो जाऊँगा."

वस्तादाने मान वर केली नाही. "तो कोपरा राह्यला," तो म्हणाला.