पोस्टमनचं जुनं माप

शोधकाकूंना एखादं कोडं सापडलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात मापांचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यात सी या संगणकभाषेच्या लायब्ररीतलं त्यांचं एक लाडकं फंक्शन होतं. फाइलचं नाव द्या, ते एकामागून एक फोल्डर धुंडाळतं आणि पहिली सापडली की तीच आणून देतं. चष्मा हरवला की नवरा म्हणायचा, "तुझ्या त्या फंक्शनला लाव कामाला."

त्या दिवशी पोस्टमन तिसऱ्यांदा आला होता आणि नव्या पायाची मांडीवर बसणारी वाटी आजही घट्ट होती.

"आज नाही जमलं तर राहू द्या," तो म्हणाला. "सोमवारपासून मला शिक्के मारायला टेबलावर बसवतायत. बसतो गपचूप."

ज्याला गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतात, त्याने शिक्के मारायचे? काकू खुर्ची ओढून मशीनपाशी बसल्या.

वाटी कापणारा मिस्त्री वैतागला होता. मशीनची पातीही बदलून झाली होती, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. "माप मी स्वतः घेतलं, जुन्याशी ताडूनही बघितलं. तुमचा प्रोग्रामच गंडलाय, काकू."

"मग बाकीच्यांच्या वाट्या काय आपोआप बसतात? रोज करता तसं करून दाखवा बघू."

मिस्त्रीने जुन्या मापांचं फोल्डर उघडलं, पोस्टमनचं माप नव्याशी ताडलं आणि तिथूनच मशीनला हुकूम द्यायला हात पुढे केला.

"थांबा," काकू खुर्चीतून उठल्याच. "आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहात?"

"जुन्या मापांच्या."

घ्या! फंक्शन आधी बघतं ते आपण असू तेच फोल्डर. दोन्ही फाइलींना नाव पोस्टमनचंच. जुनी हाताशी मिळाल्यावर ते कशाला पुढे जातंय? ते माप अपघातानंतर सुकलेल्या मांडीचं होतं, आता अंग भरलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं नवी, त्यांचं ताडायला जुनं काही नव्हतंच. मिस्त्री काळजी घेत होता म्हणूनच वाटी बिघडत होती. काकूंना इतका आनंद झाला की त्या चूक सापडल्याबद्दल चूक करणाऱ्याचीच पाठ थोपटून मोकळ्या झाल्या.

त्यांनी प्रोग्रामला शोधाआधी नव्या मापांच्या फोल्डरमध्येच जायला लावलं. मशीन घरघरू लागलं. दोघंही निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखी समोर उभी राहिली.

वाटी अलगद बसली. पोस्टमनने भार टाकला, तरी तोंड वाकडं झालं नाही. एक पाऊल, दुसरं, मग दार, मग अंगण.

"अहो, नुसती मापाला घातलीय, स्क्रू आवळायचेत," म्हणत मिस्त्री मागे धावला.

पोस्टमन फाटकापाशी पोचला होता. धापा टाकत तो म्हणाला, "मग आवळा पटकन. सोमवारी पत्रं वाटायचीत."