आखणी झालेला गणपती

पेणजवळच्या जोह्यात, आमच्या गणपतीच्या कारखान्यात टीव्ही आला, तेव्हा रविवारी एक मालिका लागायची. जुना काळ, लहानसं गाव, एक विधवा दुसरं लग्न करते आणि सगळं गाव तिच्या मागे हात धुऊन लागतं. तिला दगड मारले त्या रविवारी माझ्या सासूने पदराने डोळे पुसले. "माणसं हायत का कोन ही," म्हणाली. दीर तर पडद्यावरच्या पुढाऱ्याला शिव्या घालत होता. मला वेडीला वाटलं, आपली माणसं मनाने चांगली आहेत. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. निडी गावच्या एका विधुराने, रेल्वेत कामाला होता तो, मला मागणी घातली होती. मालिका संपल्या संपल्या मी धीर करून ते सांगून टाकलं.

आधी सासूने माझे केस धरले. मग दिराने थोबाडीत मारली आणि मी पडल्यावर पोटात लाथ घातली. तोंडात रक्त आलं. "टीव्हीतली बाई वेगली, आमच्या घरातली वेगली," म्हणत त्याने कोपऱ्यातलं दांडकं उचललं. त्या क्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला मला. अजूनही वाटतो.

मी पळाले ती थेट मूर्तींच्या रांगांत शिरले. सकाळीच त्यांच्या डोळ्यांची आखणी झाली होती. पूजा पुढे व्हायची असली, तरी आमच्याकडे डोळे आखले की तो देवच. त्याला धक्का लावायची कुणाची छाती होत नाही. दीर दांडकं उगारून तसाच उभा राहिला. माझ्यावरचा एक फटका चुकला असता, तर गणपती फुटला असता.

मी जवळची हातभर मूर्ती उचलली, छातीशी घट्ट धरली आणि चालू लागले. मी दुसरं लग्न करणार म्हणून दीर ओरडत होता, ते ऐकून आळी दारात जमली होती. दोघांच्या हातात दगड होते. मूर्ती बघून ते बाजूला झाले, एकाने तर पायातली चप्पल काढली.

सासू माझ्या मागोमाग येत होती. "जपून गो, पायरी हाय," ती म्हणाली.

नऊ वर्षं त्या घरात राबले, पण इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी वळून पाहिलं. तिचे डोळे मूर्तीवर होते. मी तशीच पेणच्या एसटीत चढले.