गाळणीबाईंची अर्ध्या दिवसाची रजा

माझ्या नणंदेला शहरातले झाडून सगळे कंत्राटदार ‘गाळणी’ म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की गाळणी. पाणी जाऊ देते, माती जाऊ देत नाही, म्हणून. तिला हे ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. एकदा मी चहा गाळता गाळता ‘ही गाळणी आता बदलायला झाली’ असं म्हणाले, तर बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “बदलीचा अर्ज मी केलेला नाही.”

नगरपालिकेत तिचं काम असं, की कुठे जमीन खणली, सपाट केली, भराव टाकला, की तिथली माती पावसाबरोबर वाहून गटारात, ओढ्यात आणि खालच्या लोकांच्या दारात जाऊ नये हे बघायचं. नियम काही फार अवघड नाहीत. मातीच्या ढिगावर ताडपत्री. गेटवर जाड खडी, म्हणजे ट्रकच्या चाकांची माती तिथेच झडते. आणि उताराच्या खालच्या अंगाला कापडी कुंपण. या कुंपणातच सगळी मेख आहे. कापड नुसतं खुंट्यांना ठोकून भागत नाही. त्याची खालची कड वीतभर खोल चरात पुरून वरून माती ठोकून बसवावी लागते. नाहीतर पाणी खालून गुपचूप निघून जातं आणि कुंपण वर शोभेला उभं. पुरायला घाम लागतो, शोभेला लागत नाही, त्यामुळे बहुतेक साइट फार शोभिवंत असतात.

नणंदबाई साइटवर गेल्या की कुणाशी हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत, चहाला हात लावत नाहीत. सरळ कुंपणाशी जायचं आणि बुटाचा चवडा कापडाखाली सारायचा. पाय आत गेला, काम बंद. मोठमोठे बिल्डर त्या बुटाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघत उभे राहतात.

लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, एकाला होकार देणार होते, पण तो चिखलाचे बूट घालून तसाच आत आला. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. मी गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, की ही वरून वाकून ओघळाचा रंग बघते. रंग आवडला नाही, तर दुसऱ्या दिवशी कुंडीभोवती चिंध्या गुंडाळलेल्या असतात. सुरुवातीला मला वाटायचं, ही मला नावं ठेवते. मग कळलं, ती मला नाही, कुंडीला नावं ठेवते. सासरी एवढा फरक कळला तरी संसार सोपा होतो.

आता गंमत बघा. हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, माती उपसायची कंत्राटं घेतो. एकाच आईची दोन लेकरं, एक जन्मभर माती हलवतो आणि दुसरी ती हलू देत नाही.

इतकी वर्षं त्याची कामं किरकोळ होती. कुणाची टाकी खण, कुणाचा रस्ता सपाट कर. यंदा पहिल्यांदा मोठं काम मिळालं. टेकडीच्या उतारावर चाळीस घरांसाठी जागा करायची. त्या भरवशावर त्याने खणायचं दुसरं मशीनही घेऊन टाकलं. जागेचा मालक मात्र खमक्या. पहिल्याच दिवशी म्हणाला, “नगरपालिकेने एकदा जरी काम बंद पाडलं, तरी मी दुसरा माणूस बघेन. मला कटकट नको.”

मी त्या रात्री मशीनचे हप्ते मोजत बसले. नवरा मात्र खुशीत होता, कारण नातेवाइकाच्या साइटकडे नणंदेने बघायचंच नाही असा नगरपालिकेत नियम आहे. पकडायचंही नाही, वाचवायचंही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने त्याच दिवशी ती साइट दुसऱ्या साहेबांकडे सोपवली. या साहेबांना कंत्राटदार ‘काचवाले’ म्हणतात. ते गाडीत बसूनच काच खाली करतात, साइटवर नजर टाकतात आणि काच वर करतात. पाऊस असला तर काचही खाली होत नाही.

“देव आहे,” नवरा म्हणाला.

देवाचं ठाऊक नाही, पण नगरपालिका होती. तिने यंदा नवाच नियम काढला. मोठ्या साइटवर वर्ग पास झालेला एक जबाबदार माणूस हवा. त्याचं नाव गेटवरच्या पाटीवर. कुठे माती सुटली तर त्याने काम थांबवायचं आणि त्याच दिवशी ऑफिसला कळवायचं. कळवलं, तर दुरुस्ती करून काम पुन्हा चालू. लपवलं आणि सापडलं, तर साइट बंद. आणि या वर्गाला शिकवायला कोण? ओळखा.

नवरा शेवटच्या बाकावर बसला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी परीक्षा तोंडी नव्हती, हाताची होती. मैदानावर प्रत्येकाने कुंपणाचा एक तुकडा पुरून दाखवायचा. याने शोभेचा लावला. नणंदेने पाय घातला, पाय आत. नापास. दुसऱ्या खेपेला तेच. घरी येऊन म्हणतो, “मैदानाची मातीच खराब आहे.” नाचता येईना, अंगण वाकडं, ते अंगण म्हणजे हेच असावं.

त्यानंतर भावाने बहिणीशी अबोला धरला. जेवायला तिघं एकत्र, पण बोलणं माझ्यामार्फत.

“तिला म्हणावं, मीठ इकडे सरकव.”

“त्याला म्हणावं, हात लांब कर. तेवढा तरी लांब होतो का बघ.”

मी मध्ये बसून मीठ सरकवत होते.

मग एके दिवशी नणंदेने माझ्यासमोर प्रवेशाचा कागद ठेवला. “तू कर वर्ग.”

“मी? ताई, मी फक्त यांचे फोन घेते. आणि लोकांच्या कपड्यांना शिलाई मारते.”

“म्हणूनच.”

मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, चिडेल. पण त्याची कळी अशी खुलली की विचारू नका. “कर कर! पास झाल्याचं कार्ड घरातच राहील. तुझं नाव पाटीवर, तू आपली घरी. कसली झंझट नाही.” बायको जबाबदार माणूस म्हणजे घरचाच कारभार, असा त्याचा हिशेब. मीही मान डोलावली.

पहिल्या खेपेला पास झाले. कापडाची कड दुमडून पक्की करणं मला नवीन नव्हतं, फक्त इथे सुईच्या जागी कुदळ होती. गेटवर माझ्या नावाची पाटी लागली, तेव्हा मी दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला निघाल्यासारखं दाखवून ती बघायला गेले. मग परत येताना पुन्हा बघितली. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

आणि मग तो दुपारचा पाऊस आला. खिडकीतून समोरचं घर दिसेना. मी शिलाईचं काम तसंच टाकलं आणि साइटवर गेले. नवरा पत्र्याच्या खोलीत निवांत होता, मशीन चालू होतं, कुंपण ताठ उभं होतं, बघत राहावं असं. मी उताराच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे जास्त दुधाच्या चहासारखं पाणी कापडाखालून भळाभळा बाहेर पडत होतं आणि रस्ता ओलांडून ओढ्याकडे धावत होतं. मी वाकून कापड उचललं. ते सरळ वर आलं. त्या अख्ख्या बाजूला कड पुरलेलीच नव्हती, नुसती वरून माती भुरभुरली होती. म्हणजे कुंपण उभारल्यावर मला दाखवताना याने पहिल्या कोपऱ्यातलंच कुंपण दाखवलं होतं. सख्ख्या नवऱ्याने!

मी त्याला हाताला धरून तिथे आणलं.

“अगं, तासाभरात थांबेल पाऊस. मग पुरतो ना.”

“आणि तोवर?”

“तोवर काय? काचवाला या पावसात येणार आहे का? कुणाला कळणार आहे?” मग तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, “ऑफिसला फोन केलास तर मालकाला कळेल. काम गेलं तर नवं मशीनही जाईल. मला दुसरं असं काम मिळणार नाही. ऐक माझं.”

मी काही शूर बाई नाही. याचं म्हणणं खोटं नव्हतं, मालक खरंच तसा होता. इकडे आड, तिकडे विहीर. मी मान वर केली तर गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, काळ्या छत्रीखाली नणंद उभी. साइटच्या हद्दीत बुटाचं टोकसुद्धा नाही. काही बोलत नव्हती, खुणावत नव्हती, नुसती बघत होती.

आधी मला तिचाच राग आला. अशी काय उभी, तमाशा बघितल्यासारखी! हो किंवा नाही, काही तरी म्हण! मग लक्षात आलं, तिला म्हणताच येत नाही. ती आत आली की ते ऑफिसचं येणं, आणि तोंड उघडलं की ते ऑफिसचं बोलणं. तिने काहीही केलं तरी भाऊ बुडणार होता. पाटीवर नाव माझं होतं, तिचं नाही.

मी मशीनवाल्याला थांब म्हणाले. त्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मग मी वर चढले, किल्ली काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. ऑफिसला फोन लावला, नाव सांगितलं, म्हणाले, “खालच्या कोपऱ्यात कुंपणाखालून माती जाते आहे. काम मी थांबवलंय. दुरुस्ती करतोय.” आवाज इतका कापत होता की पलीकडच्याने दोनदा विचारलं.

नवरा उलट्या बादलीवर बसला आणि डोकं धरलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून नणंदेचा आवाज आला. तीही फोनवर होती. “साहेब, मला आत्तापासून अर्धा दिवस रजा हवी आहे... नाही, नाही, तब्येत बरी आहे. घरचं काम निघालं.” तिने छत्री मिटली, ऑफिसचं जाकीट काढून गेटच्या खांबाला अडकवलं, रस्ता ओलांडून आत आली आणि मला विचारलं, “कुदळ कुठाय?”

मग आम्ही खणलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ, मध्ये मी कापडाची कड धरून, आणि मशीनवाला दगड उचलत. पाऊस पाठीवर. जरा दम खायला थांबलो, तेव्हा मी हळूच विचारलं, “ताई, हे सगळं तुम्ही आधीच ठरवलं होतं ना? आधी हे नापास, मग मला वर्ग...”

“नापास तो त्याच्या कर्माने झाला,” ती म्हणाली. “मला फक्त एवढं कळत होतं, की त्याच्या साइटवर मी जाऊ शकत नाही, आणि तुला तो काढू शकत नाही.”

काही वेळाने मी तपासायला निघाले. नवऱ्याचा तुकडा पक्का. नणंदबाईंच्या तुकड्यापाशी चवडा सारला, तर तो सुळकन आत गेला. वीस वर्षं जिने जगाला नापास केलं, तिचाच चर उथळ! मी पाय काढून पुन्हा घातला, पुन्हा आत. पण पाटीवर नाव कुणाचं?

“ताई, हे पुन्हा करावं लागेल.”

तिने माझ्याकडे बघितलं. स्वतःचाही चवडा सारून बघितला. मग कुदळ उचलली आणि मुकाट्याने पुन्हा खणायला लागली. पलीकडून माझा नवरा असा खो खो हसला, की मशीनवालाही घाबरत घाबरत हसला.

माझा फोन नोंदला गेल्यामुळे काचवाल्या साहेबांना यावंच लागलं. गाडी थांबली, काच चार बोटं खाली आली. नणंद तोवर नखशिखांत चिखलाने माखली होती, जन्मदात्या आईने ओळखलं नसतं.

“ए बाई, बाजूला हो. कुंपण दिसू दे.”

“हो साहेब,” नणंद बारीक आवाजात म्हणाली आणि बाजूला झाली. “पण साहेब, गाडीतून काय कळणार? खाली उतरून पाय घालून बघा की. आमच्या मॅडम तसंच बघतात.”

मजूर बाई शिकवते म्हटल्यावर साहेबांना उतरणं भाग पडलं. पहिल्याच पावलाला चकचकीत बूट घोट्यापर्यंत रुतला. तरी बिचाऱ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय घालून बघितला. कुठेही आत गेला नाही.

“पक्कं आहे,” ते म्हणाले. “आणि ही आगाऊ बाई कोण?”

“माझी बहीण,” नवरा म्हणाला. “रजेवर आहे.”

साहेबांनी वाकून नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला तोंड फिरवावं लागलं. ते घाईघाईने म्हणाले, की साइटवाल्यांनी स्वतःहून कळवलंय, तेव्हा याला काम बंद पाडणं म्हणत नाहीत. मालक विचारेल तर त्याला तसंच सांगेन. कोपऱ्यातलं पाणी नितळ झालं, की जबाबदार माणसाने बघून काम चालू करावं. एवढं बोलून त्यांनी बूट उपसला आणि गाडी गाठली.

काम वाचलं होतं. मला रडू आलं, आणि पाऊस असल्याने ते कुणाला दिसलं नाही, हे बरंच झालं.

संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. नवऱ्याने कोपऱ्यात जाऊन पाणी बघितलं आणि हात पुढे केला. “झालं की स्वच्छ. दे किल्ली.”

मी बघितलं. “अजून नाही.”

“अगं, एवढं तर नळालाही गढूळ येतं!” तो बहिणीकडे वळला. किती तरी दिवसांनी मला मध्ये न घालता तिच्याशी बोलला. “ताई, तू तरी सांग हिला.”

नणंद डबक्यात हात धूत होती. “मी कोण सांगणारी? साइट तिची आहे.”

त्याने पुढे केलेला हात खिशात घातला. मग बादली ओढून कोपऱ्याशी बसला आणि पाण्याकडे बघत राहिला. जरा वेळाने घसा साफ करून, मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, आता बघता का?”

मी गेले, वाकले, नीट बघितलं.

“अजून नाही,” मी म्हणाले.