हेमचंद्रच्या शर्टाची बटणं

शुभा टिपणीसला अजागळपणाचा भारी तिटकारा. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या गणपतीला तिचा नवरा हेमचंद्र आला की बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरखळी मारत, "बघा जरा, शिका काहीतरी!" कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, बुटांच्या नाड्या एकसारख्या. या माणसाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. आणि शुभाला नेमकं तेच हवं होतं. माझ्या नवऱ्याकडे बघून कुणी 'अरेरे' म्हणता कामा नये, बस्स!

हेमचंद्र चांगला सॉफ्टवेअरवाला. पण बोटांतली जाणीव गेली, की-बोर्डवर बोटं भलतीकडेच पडायला लागली, दुपार झाली की असा थकवा यायचा की बसल्या जागी डोळे मिटायचे. २००३ मध्ये नोकरी सुटली. इतकी वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटीचा सरकारी हप्ता कापला गेला होता, म्हणून त्यानं डिसॅबिलिटीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला. तो मंजूर झाला तर घर राहणार होतं, पुढे औषधोपचाराला मेडिकेअर हा सरकारी विमा मिळणार होता. नाहीतर घर विकायचं. शुभाच्या लॅबमधल्या पगारात दोन्ही भागणं शक्यच नव्हतं.

अर्ज नाकारला गेला. फेरविचारासाठी पाठवला, पुन्हा नाकारला. शुभाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एमआरआय आहे, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी आहे, अजून काय हवंय यांना?

वकील मिळाल्या त्या मिसेस डोलन. वुस्टरमधल्या, पिकल्या केसांच्या, तोंडानं फटकळ. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं, "आजाराचं नाव काय, हे त्यांना कळलंय. त्या आजारामुळे माणूस कुठलंच काम करू शकत नाही, हे त्यांना पटायला हवं." मग सरकारनं ज्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट त्यांनी वाचून दाखवला. कपडे नीटनेटके. बटणं लावलेली. नाड्या बांधलेल्या. तब्येतीबद्दल विचारल्यावर पेशंट म्हणाला, 'फाइन.'

"या नाड्या कुणी बांधल्या?" मिसेस डोलननी विचारलं.

"मी," शुभा म्हणाली.

"आणि बटणं?"

"मीच. रोज मीच लावते."

"मग फॉर्ममध्ये 'कपडे स्वतः घालतो' असं का लिहिलंत?"

"घालतोच की! मी फक्त बटणं लावते." बोलता बोलता शुभाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. घरच्या माणसाचं केलेलं कुणी मदत म्हणून लिहितं का? तिला ते कधी सुचलंच नव्हतं.

आता अपील जज्जसमोर चालणार होतं. मिसेस डोलननी बजावलं, त्या दिवशी हेमचंद्रनं स्वतः तयार व्हायचं. शुभानं हात लावायचा नाही. खोटं काही दाखवायचं नाही, फक्त खरं झाकायचं नाही.

बाई गं, ती सकाळ! शुभा बेडरूमच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत होती. बऱ्याच वेळानं हेमचंद्र बाहेर आला. एक बटण चुकलेलं, त्यामुळे शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती. वरची दोन उघडीच. तिचे हात नुसते शिवशिवत होते. "मॉम, डोन्ट!" कॉलेजातून मुद्दाम घरी आलेली लेक इशिता ओरडली. शुभानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि बॉस्टनला पोचेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

सुनावणीची खोली अगदी साधी होती. काळ्या झग्यातले जज्ज, जबाब टेप करणारी बाई आणि नोकऱ्यांची माहिती देणारा एक तज्ज्ञ. जज्जनी विचारलं, "कसे आहात, मिस्टर टिपणीस?"

"फाइन, थँक यू," हेमचंद्र म्हणाला.

शुभाला वाटलं, आता इथेच कपाळ बडवून घ्यावं!

जज्जनी शर्टाकडे पाहिलं. "आज कपडे स्वतः घातलेत?"

"हो." हेमचंद्रनं मान खाली केली, तेव्हा त्याला ते चुकलेलं बटण दिसलं. तो ओशाळला आणि ते नीट करायला गेला. बटण बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. कानशिलं लाल झाली. शुभा मांडीखाली हात दाबून बसली होती.

हेमचंद्र थांबला. तिच्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाला, "शुभा, लाव गं."

ती उठली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याची बटणं लावली.

"काय म्हणाले ते?" जज्जनी विचारलं.

"बटण लाव म्हणाला."

"असं किती वेळा सांगतात?"

"आजपर्यंत एकदाही नाही." शुभा म्हणाली. "सांगायची वेळ मी येऊच दिली नाही." आणि मग ती थांबलीच नाही. बुटांच्या नाड्या, तुकडे करून दिलेली पोळी, शॉवरमध्ये धरलेला दंड, दुपारपासून अंथरुणाला लागलेला माणूस, सगळं सांगितलं. हेमचंद्र खाली मान घालून ऐकत होता. आपल्यासाठी ती इतकं करते, हे त्यानंही असं ओळीनं कधी ऐकलं नव्हतं. मिसेस डोलननी त्या तज्ज्ञाला विचारलं, अशा माणसाला या देशात कुठली नोकरी आहे? तो म्हणाला, कुठलीच नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. मंजूर. घर राहिलं. शुभा आधी रडली, मग तिनं शिरा केला. हेमचंद्र म्हणाला, "चला, मला बटण लावता येत नाही, हे आता सरकारनंही मान्य केलं."

"मी कधीच मान्य केलं होतं," ती म्हणाली.

"मी नव्हतं केलं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी त्याच्या शर्टाला हात घालायला गेली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. "थांब. आधी मी बघतो. नाही जमलं तर बोलावीन."

किती जिद्दीचा माणूस! आणि ही बाई तरी काय कमी? निमूट स्वयंपाकघरात जाऊन बसली. चहा निवला, लॅबला उशीर झाला, तरी जागची हलली नाही. अखेर आतून हाक आली.

"शुभा, खालची सगळी लागली! वरचं तेवढं लाव गं."