गोखरूची परीक्षा आणि माझं लग्न

लग्न आठवड्यावर आलं आणि मला उन्हाळी लागली. लघवीला गेलं की मिरची लावल्यासारखी आग, आणि लगेच पुन्हा कळ. घरात सांगितलं ते फक्त वहिनींना. त्यांनी इतवारीच्या बाजारातून गोखरू मागवले, काढा उकळला आणि लोटा पुढ्यात ठेवला.

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. शहाणपण नुसतं उतू चाललेलं. म्हटलं, "वहिनी, काट्याचं पाणी पिऊन आग थांबते, याला पुरावा काय?"

"थांबली म्हंजे समजंल ना, भाऊजी!"

काढा घेतला, पण लपूनछपून डॉक्टरांचं मिक्श्चरही आणलं. तीन-चार दिवसांत आग गेली. आता गुण कोणाचा? न राहवून वहिनींनाच विचारलं.

"गाडीले दोन बैल जुपले तुम्ही. कोणता ओढून राहिला, आता कसं सांगाल? बरे झाले ना? गप बसा."

गप बसेल तो मी कसला! दोन्ही औषधं बंद करून पाहायचं ठरवलं. पाणीसुद्धा बेतानंच प्यायलो, नाहीतर श्रेय पाण्याला जायचं. वऱ्हाड नवरीच्या गावी, पारशिवनीला पोचेपर्यंत आग परत हजर. त्यातून गोखरूबद्दल काहीच सिद्ध झालं नाही. माझ्याबद्दल मात्र झालं.

अंतरपाटाआड मी या पायावरून त्या पायावर. भटजी निवांत सुरात. त्यात नवरीच्या आत्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं, झाडून साऱ्या नातलगांची नावं गुंफलेलं.

"नवरदेवाले लय घाई आहे गा!" मागून कोणीतरी म्हणालं. मंडप हसला.

अंतरपाट सरला. तिनं डोळे वर केले. मी तिच्याकडे पाहिलं, हार कसाबसा गळ्यात टाकला आणि धूम ठोकली ती थेट गोठ्यामागं.

परत येऊन होमाला बसलो, तर तिचे डोळे भरलेले. खाली पाहतच कुजबुजली, "मी नाही आवडली काय जी?"

झालं! बायकोशी आयुष्यातलं पहिलं बोलणं मी लघवीबद्दल केलं. उन्हाळी, काढा, मिक्श्चर, माझी परीक्षा, सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. खांदे गदगदू लागले.

"मग आता काय घेता?"

"सगळंच घेतो. काढा, मिक्श्चर, पाणी."

"घ्या. पण पुरावा नका शोधू."

खांदे हलतच होते. आत्यांना वाटलं, पोर माहेरासाठी रडते आहे. त्या येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि मी धुरानं डोळे चुरचुरल्याचं सोंग करून हसू गिळत राहिलो.