तव्याभोवती तिघं

दत्ता गेल्याचं मला सुधीरनं फोनवर कळवलं. त्याआधी अकरा वर्षांत सुधीरचा मला एकही फोन आला नव्हता. "सकाळी बागेत छाटणी चालू होती, तिथंच बसला आणि..." एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर गॅसवरचं दूध बंद केलं, कपडे वाळत घातले. मग शर्ट बदलून दिंडोरीला निघालो. रडू आलं नाही. आज सहा आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही.

आम्ही तिघं पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहिलो. मी आणि सुधीर नाशिकचे, दत्ता दिंडोरीजवळच्या बागायतदाराचा मुलगा. नोकरीत असताना कंपनीनं त्याला सहा महिने जपानला पाठवलं होतं. तिथून परत आल्यावर तो यंत्रांबद्दल फारसं काही सांगायचा नाही. सांगायचा ते कोकराच्या मटणाबद्दल. बाहेर बर्फ पडतोय, मधे शेगडी, शेगडीवर घुमटासारखा लोखंडी तवा, आणि ज्यांची भाषा येत नाही अशी माणसं त्याच्या ताटात तुकडे वाढतायत... पुढं नोकरी सोडून तो बाग बघायला लागला, तरी हे वर्णन काही सुटलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शैलासाठी, सुधीरचं स्थळ दत्तानंच सुचवलं होतं. साखरपुडा झाला, आणि लग्नाला तीन आठवडे असताना सुधीरनं नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. शैला पुढं मालेगावला दिली, तिचं छान चाललंय. पण मी सुधीरशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दत्ता दोघांकडे यायचा, एकाचं दुसऱ्याला सांगायचा नाही.

जायच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. "गंगापूर रोडला एक हॉटेल निघालंय, तिथं तसलं मटण मिळतं. रविवारी दुपारी ये. लय दिवस झाले." मी गेलो तर टेबलाशी सुधीर बसलेला. त्यालाही माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी उभाच राहिलो. दत्ता म्हणाला, "बस. तवा तापलाय."

मटणाचे पातळ काप तो घुमटावर ठेवत होता. चरबी वितळून कडेच्या पन्हळीत उतरायची आणि तिथं कांदा, कोबी शिजायचा. आपापला तुकडा आपणच उलटायचा. त्यामुळे बोललो नाही तरी तिघांचे हात एकाच तव्यावर होते. एकदा माझा तुकडा करपायला लागला, तो सुधीरनं चिमट्यानं उचलून माझ्या ताटात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं खाली बघतच विचारलं, "शैला कशी आहे?"

"बरी आहे. दोन मुली आहेत."

"तेव्हा मी घाबरलो होतो. तिचा काही दोष नव्हता. हे तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं."

मी तव्यावरचा माझा तुकडा उलटला. माफ केलं असं काही म्हणालो नाही. दत्ता कोबी हलवत राहिला. निघताना पार्किंगमध्ये त्यानं आम्हाला एकमेकांचे नंबर घ्यायला लावले. "स्थळ मीच आणलं होतं," म्हणाला. "मला ते लय लागून राहिलेलं." त्या नंबरावर पहिला फोन आला तो दत्ता गेल्याचा.

तेराव्यानंतर मी आणि सुधीर एकाच गाडीतून दत्ताच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, मंगलावहिनींनी, आम्हाला बागेजवळच्या शेडमध्ये नेलं. औषधफवारणीच्या पंपामागं गोणपाटात गुंडाळलेला एक तवा होता, घुमटासारखा, कडेला पन्हळ असलेला. ओळखीच्या फाउंड्रीत त्यानं ओतून घेतला होता. "दिवाळीनंतर तुम्हा दोघांना इथंच बोलवायचं म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "आता याचं काय करायचं, मला काय कळत नाय."

तव्यावर गंज धरायला लागला होता. सुधीरनं वहिनींकडून तेल मागून घेतलं आणि खाली बसून एका फडक्यानं तो पुसायला लागला. "लोखंड आहे, दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात द्यावा लागेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आम्ही येत जाऊ."

मी नाही म्हणालो नाही. दोनदा जाऊन आलो. तो तेल लावतो, मी कोरड्या फडक्यानं पुसतो, वहिनी चहा आणतात. तवा पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि परत निघतो. अजून त्याच्याखाली जाळ केलेला नाही.